टार्गेट लिहिण्याआधी छेद बघ

अगं, काल रात्री तुझा मेसेज वाचला. सोमवारपर्यंत सगळ्या आरोग्य केंद्रांची वर्षाची टार्गेट्स द्यायचीत, आणि तू विचारतेस की मागच्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के वाढवून टाकू का. नको गं. का नको ते सांगते.

काही वर्षांपूर्वी इथेच नवी मुंबईत एका प्रोग्रामला होते तेव्हा बीपी तपासणीचं टार्गेट मीच ठरवलेलं, महिन्याला अमुक इतकी माणसं. सिस्टर लोकांनी स्टेशनबाहेर टेबल लावलं, दोन दिवसांत आकडा पूर्ण, रिपोर्ट एकदम छान. मग तुर्भ्याकडच्या एका वस्तीत गेले तर एक रिक्षावाले काका भेटले, हातात आमचीच चिठ्ठी, वरचं बीपी 180, तपासून चार महिने झालेले आणि गोळी एकही नाही, कारण पुढे कुठे जायचं ते कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या कागदावर मात्र ते काका झालेल्या कामात मोजलेले. यात सिस्टरची काय चूक, मी जे मोजायला सांगितलं तेच तिने केलं. अजून आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून आधी छेद बघ, शाळेतला अंश-छेदातलाच. जानेवारी ते मार्चमध्ये नोंदवलेले पेशंट समज 400, त्यातल्या किती जणांचं बीपी एप्रिल ते जूनमधल्या शेवटच्या भेटीत 140/90 च्या खाली आलं? 140 जणांचं, तर 35 टक्के. जे आलेच नाहीत त्यांना छेदातून काढायचं नाही, तीच तर सगळ्यात महत्त्वाची माणसं. असं मोजलं की सिस्टर आपोआप फोन लावते, आशाताई घरी जाऊन येते, कारण आता नवीन डोकी गोळा करून टक्का वाढत नाही. लसीकरणाचंही तसंच, पेंटाचा, म्हणजे बाळांना तीन डोसांत देतात त्या पाच रोगांवरच्या लसीचा, पहिला डोस किती जणांना दिला यापेक्षा त्यातल्या किती बाळांना तिसरा मिळाला ते विचार.

आणि सगळ्या केंद्रांना एकच आकडा देऊ नकोस. शहरात साधारण 50,000 लोकांमागे एक केंद्र हा नियम कागदावर सारखा आहे, पण वाशीच्या सेक्टरमधली माणसं निम्मी प्रायव्हेटला जातात आणि दिघ्याच्या वस्तीतली मे महिन्यात गावाला, मग जूनचा टक्का पडणारच. ज्याचं त्याचं केंद्र कालच्यापेक्षा किती पुढे गेलं ते बघ.

अजून एक, गोळ्याच संपल्या असतील तर सिस्टरने काय करायचं? औषधसाठ्याचं टार्गेट तिच्या नावावर नको, ते स्टोअरच्या आणि तुझ्या नावावर लिही. यावर वरून कोणी नाराज झालं तरी चालेल.

जुन्या सिस्टर आहेत ना, त्यांना नसबंदीच्या केसेसच्या दिवसांबद्दल विचार. 1996 मध्ये केंद्र सरकारने कुटुंब नियोजनाची ती टार्गेट्स काढून टाकली, पण त्याआधी आकड्यासाठी बायकांना कसं धरून आणायचे ते त्या सांगतील.

शनिवारी दोन केंद्रांच्या सिस्टर आणि तीन-चार आशाताईंना बोलव, रजिस्टर उघडून बसा, आणि त्यांना विचार की यातलं तुमच्या हातात काय आहे. त्या जे सांगतील ते लिहून घे आणि रविवारी मला फोन कर, मी घरीच आहे.

तुझी ताई