साठीनंतर जुन्या बोटी आणि विंटेज गाड्यांची चित्रं काढून करिअर होतं का? फोटोवरून काढलं तर चालतं का?

होतं. मी 61व्या वर्षी सुरू केलं, त्याआधी 30 वर्षं ड्राफ्ट्समन होतो, आता 68 चालू आहे आणि हातात कुणाच्या ना कुणाच्या बोटीचं नाहीतर गाडीचं काम असतंच. पण तुम्ही लिहिलंय ना, की ओळखीचे लोक म्हणतात ही काही खरी कला नाही, ते वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी सात वर्षं ऐकतोय.

एका गृहस्थांना त्यांच्या वडिलांच्या लाकडी होडीचं चित्र हवं होतं. क्लिंकर पद्धतीची होडी, म्हणजे कौलांसारख्या एकीवर एक चढवून ठोकलेल्या फळ्या. फोटो सगळे होडी पाण्यात असतानाचे आणि चित्रात हवी होती किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, मग पाण्याखालचा भाग मी अंदाजाने काढला. तेलरंगात पाच आठवडे गेले. ते बघायला आले, काही बोलले नाहीत, कॅनव्हासला न टेकवता वरून खाली बोट नेत गेले आणि म्हणाले, "एका बाजूला 9 फळ्या आहेत हो, तुम्ही 8 काढल्यात." लहानपणी दर वर्षी वडिलांबरोबर ती होडी घासून वार्निश करायचे ते, त्यांना फळी न फळी पाठ.

एक फळी कमी झाली की बाकीच्या रुंद होतात, प्रत्येकीच्या खालच्या कडेला पडणारी सावलीची बारीक रेघ लांब लांब जाते, नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, त्या रेघा जवळ येऊन वर वळतात तो बाकच मरतो आणि होडी जड दिसते. मला इतके दिवस काहीतरी खटकत होतं ते हेच. होडी शेडमध्ये होती, जाऊन टेपने मापं घेतली, सगळं खरवडून परत काढलं. जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

हे माझ्या एका जुन्या चित्रकार मित्राला सांगितलं तर म्हणाला, फळ्या मोजतो तो सुतार, आणि वर इंग्लिश चित्रकार टर्नरचं उदाहरण दिलं, की 'द फायटिंग टेमेरेअर' या जुन्या युद्धनौकेच्या चित्रात त्याने कुठे मोजलं होतं? बरोबर, ते जहाज भंगारात निघालं तेव्हा त्याच्या डोलकाठ्या काढलेल्या होत्या आणि टर्नरने त्या उभ्या दाखवल्या. पण ते त्याने ठरवून केलं. माझी नववी फळी मला माहीतच नव्हती म्हणून गेली. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि हे त्याला आजही पटत नाही. शिवाय ते चित्र 1839चं, टर्नर तेव्हा 64चा, आणि धावत्या आगगाडीचं चित्र 1844चं, तेव्हा 69चा. वयाचं उत्तर यातच आलं.

फोटो चालतो, पण नुसत्या फोटोवर नको. मोबाईलने जवळून काढलेल्या फोटोत पुढचं चाक फुगतं आणि गाडीची मागची बाजू चेपल्यासारखी दिसते. चाकाच्या लंबवर्तुळाचा आखूड अक्ष अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, रेषेत आहे का बघा, तो चुकला की गाडी मोडल्यासारखी दिसते. क्रोमला स्वतःचा रंग नसतो, वर आकाश, मध्ये क्षितिजाची काळी पट्टी, खाली जमीन, हेच रंगवायचं, करडा रंग फासू नका. आणि जॅग्वार ई-टाइपच्या वायर व्हीलला 72 आरे असतात, मालकाला ते माहीत असतं.

दुसऱ्याने काढलेला फोटो असेल तर त्याची परवानगी घ्या. पेन्शन किंवा दुसरी काही आवक असेल तरच उतरा, माझी पहिली दोन वर्षं रंगांचाही खर्च निघाला नव्हता. आणि डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू काढेपर्यंत निळ्याच्या छटा मला नीट दिसतच नव्हत्या, त्या काळातली पाण्याची चित्रं मी आता कुणाला दाखवत नाही. होडीचं मात्र ऑपरेशननंतरचं आहे, 9 फळ्यांचं.