बाबांना पायाला लावायचा एक्झोस्केलेटन (चालायला मदत करणारा मोटरचा सांगाडा) घ्यायचाय. पाऊल कधी उचलायचं हे त्याला कळतं कसं?

मांडी-पोटरीवरच्या आयएमयू, म्हणजे हालचाल मोजणाऱ्या सेन्सरमुळे. त्यातला जायरोस्कोप पाय किती वेगाने फिरतोय ते मोजतो, ॲक्सिलरोमीटर टाच टेकल्याचा हिसका टिपतो. सपाटीवर पावलाच्या चक्रात साधारण ६० टक्के वेळ पाय जमिनीवर, उरलेला हवेत. मोटरची वेळ त्यावरून ठरते.

पण सपाटीवर काय, सगळीच यंत्रं चालतात हो! पणजीत आल्तिनो टेकडीच्या पायऱ्या चढताना मांडी जास्त उचलली जाते, टाचेऐवजी बहुधा चवडा आधी टेकतो. हा बदल पहिल्या-दुसऱ्या पायरीलाच ओळखता आला पाहिजे. काही यंत्रं त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडने स्नायूंचे विद्युत संकेत वाचतात; ते हालचालीच्या किंचित आधी मिळतात खरे, पण आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड सुटतात. मी आयएमयूवालंच घेईन, आणि तेही फिजिओथेरपिस्टसमोर बाबांना जिन्यावर चालवून बघितल्यावर.