प्लगचे आटे गेले म्हणजे हेड गेलं असं नाही

प्रश्न : काका, माझ्याकडे २००७ ची मारुती ८०० आहे, वडिलांनी घेतलेली, विकवत नाही. गेल्या महिन्यात गावातल्या मेकॅनिककडे प्लग बदलले आणि आठ दिवसांत घाट चढताना फट्ट आवाज झाला, गाडी थरथरायला लागली, बॉनेट उघडलं तर मधला प्लग आट्यातनं निसटून वर आलेला. त्याने टेफ्लॉन टेप गुंडाळून परत बसवला, दोन दिवस चालला, परत फुसफुस सुरू. आता तो म्हणतो हेड बदला. दुसरा म्हणतो एमसील लावून कायमचा बसवतो. काय करू?
– एक वाचक, कागल

उत्तर : अहो, आधी त्या एमसीलवाल्याच्या दारातनं गाडी बाहेर काढा. टेफ्लॉन काय किंवा एमसील काय, नळाला ठीक आहे हो. प्लगची उष्णता त्याच्या आट्यातनं आणि बुडाच्या वॉशरमधनं हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या अॅल्युमिनियमच्या झाकणात उतरते, आणि स्पार्कचं अर्थिंगसुद्धा तिथनंच मिळतं. मध्ये टेप आली की दोन्हीची वाट अडते, प्लगचं टोक लालबुंद होऊन स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटायला लागतं आणि मग पिस्टनवर येतं. आणि जोर किती असतो बघा, १४ एमएमच्या भोकाचं क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटर, आत स्फोट झाला की दाब चौरस सेंटिमीटरला ४०-५० किलोच्या घरात जातो, म्हणजे प्लगला खालनं साठ-सत्तर किलोचा धक्का, एक अख्खा माणूस, आणि ३००० आरपीएमला मिनिटाला दीड हजार वेळा. हे एमसीलने धरणार?

हेड बदलायची मात्र काही गरज नाही. तीनपैकी एका भोकाचे आटे गेलेत, हेडला चीर गेलेली नसेल तर त्यात बुश, म्हणजे आतनं-बाहेरनं आटे असलेली धातूची बाही बसते, आणि बुश नीट बसला तर मूळच्या अॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त टिकतो, कारण बुश स्टीलचा असतो.

आता बुश दोन जातीचे. एक हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी. भोकात मोठा आटा मारायचा आणि त्यात ती फिरवत उतरवायची, ती ताणाने फुलून धरते. स्वस्त आहे, बाकी बोल्टला झकास, पण प्लग वारंवार काढावा लागतो आणि कधीतरी प्लगबरोबर तारच बाहेर येते. शिवाय हिच्या टोकाला एक छोटी शेपटी असते, ती मोडून काढताना सिलिंडरमध्ये पडली तर झालं कल्याण. दुसरा म्हणजे भरीव बुश, वर कॉलर असलेला. ह्यातल्या चांगल्या बुशचे खालचे दोन-तीन आटे मुद्दाम अर्धवट ठेवलेले असतात, बसवायचं हत्यार आतनं फिरवलं की ते बाहेर दाबले जाऊन हेडमध्ये रुततात, मग तो हलत नाही. मी प्लगसाठी नेहमी हाच सांगतो, पैसे जास्त गेले तरी. तुमच्या प्लगला आट्याची लांबी १९ एमएम आहे, बुश तेवढाच हवा. आखूड बसवून देतात बरेच जण, तो घेऊ नका.

बुश बसवणं अवघड नाही, टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, सरळ मारणं अवघड आहे. तिरका गेला की प्लगचा वॉशर एका बाजूला टेकतो आणि दुसऱ्या बाजूने गॅस गळतो, म्हणजे पुन्हा तुमची फुसफुस. आणि दुसरी काळजी आटे पाडताना निघणाऱ्या धातूच्या किसाची. हेड न उतरवता काम करायचं तर पिस्टन खाली आणून ठेवायचा, टॅपच्या खाचा ग्रीसने भरायच्या, अर्धा-पाऊण फेरा पुढे की थोडा मागे, मग बाहेर काढून पुसायचा, परत ग्रीस. घाई करणारा माणूस इथेच ओळखू येतो. नंतर बारीक नळी लावून व्हॅक्यूमने ओढायचं, आणि बुश बसल्यावर प्लग न लावताच स्टार्टर मारायचा, राहिलेलं बाहेर उडतं (तोंड लांब ठेवा). अॅल्युमिनियमचा कीस मऊ असतो म्हणून एखादा कण राहिला तरी कोणी मरत नाही, पण व्हॉल्व्हच्या सीटवर अडकला तर कॉम्प्रेशन जातं.

तुम्ही कागलचे, कोल्हापूरचं उद्यमनगर हाकेच्या अंतरावर, आख्खी इंजिनं उभी करणारी माणसं आहेत तिथे. जाऊन विचारा की भरीव बुश टाकता का आणि टॅप सरळ राहायला गाइड वापरता का. भोकाशेजारी व्हॉल्व्हकडे चीर दिसली तर मात्र हेड उतरवून आर्गन वेल्डिंग, नवा आटा, फेसिंग (हेडचं बूड सपाट करणं) आणि नवीन हेड गॅस्केट, तो खर्च मोठा, तेव्हा जुनं चांगलं हेड मिळतंय का तेही बघा.

प्रश्न : माझी सीएनजी टॅक्सी आहे, प्लग सारखे बदलावे लागतात. काढताना करकर करत येतात. आट्यांना ग्रीस लावू का? आणि गरम इंजिनवर काढलं तर चालतं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : गरम असताना काढू नका, धंद्याचा खोळंबा होतो हे कळतं पण नका. अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यात आट्यांवर कार्बन, आणि मऊ धातू प्लगबरोबर सोलून येतो. थंड झाल्यावर काढा. करकरला तर तसाच ओढू नका, बुडाशी थोडं डब्ल्यूडी-फॉर्टी मारा, चहा प्या, मग पाव फेरा पुढे-मागे करत आणा.

साधं ग्रीस तर जळून कार्बनच होतं. अँटीसीझ, म्हणजे आटे अडकू नयेत म्हणून मिळणारी पेस्ट, लावतात काही जण, पण आजकाल प्लगला कोटिंग असतं आणि टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचा आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो, वंगण लावून तोच टॉर्क दिला की प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. आटे गेलेल्या बऱ्याच गाड्या ह्या अशाच आवळलेल्या असतात. वॉशरवाल्या १४ एमएम प्लगला अॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ एमएमला १५ ते २०, बस. टॉर्क पाना नसेल तर नवा प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवा आणि मग पान्याने अर्धा, फार तर दोन तृतीयांश फेरा देऊन थांबा. सुरुवात कधीही पान्याने नको. पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून फिरवायचा, आटा चुकला की नळीच घसरते, हेड वाचतं.

प्रश्न : दुकानदाराने बाइकला लांब आट्यांचा प्लग दिला, म्हणाला पिकअप वाढतो. खरं का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. १२.७ एमएमच्या जागी १९ एमएमचा घातला तर पिस्टनला आपटू शकतो, नाही आपटला तरी आत बाहेर आलेल्या आट्यांवर कार्बन धरतो आणि काढताना तोच हेडचे आटे खरवडत येतो. उलट आखूड घातला तर हेडचे खालचे आटे उघडे राहून कार्बनने भरतात आणि पुढच्या वेळी बरोबर मापाचा प्लग अर्ध्यातच अडतो, मग माणूस जोर लावतो. दुकानात जुना प्लग घेऊन जा, नव्याच्या शेजारी धरा आणि आटे जुळले तरच पैसे द्या.