मशीन सर्व्हिसच्या कामासाठी थिंकपॅड, लॅटिट्यूड की एलिटबुक?

तुम्ही नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीनं) यांची सर्व्हिस करता, सिन्नर-दिंडोरीला बाइकवरून फिरता आणि लॅपटॉप घ्यायला निघालात तर लेनोवोचा थिंकपॅड टी१४, डेलचा लॅटिट्यूड ५४५०, एचपीचं एलिटबुक ८४० यांत अडकला आहात. माझं उत्तर सरळ आहे: टी१४ घ्या. त्याचं पाचव्या जनरेशनचं मॉडेल चांगल्या भावात मिळत नसेल तर लॅटिट्यूड. मी अंबडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं बघतो, तिन्ही कंपन्यांची मशीनं आमच्याकडे रोज वापरात आहेत, त्यावरून सांगतोय.

दुकानात जायच्या आधी एक गोष्ट पक्की करा. नावावर जाऊ नका, सिरीज विचारा. थिंकपॅड हे आयबीएमचं १९९२ पासूनचं नाव, २००५ पासून ते लेनोवोकडे आहे. पण त्याच नावाखाली ई सिरीजही विकली जाते, आणि ती स्वस्त का आहे हे हातात घेतल्यावर कळतं. लॅटिट्यूडमध्ये ३००० वेगळी आणि ५००० वेगळी. एचपीमध्ये प्रोबुक वेगळं, एलिटबुक वेगळं. डेलने २०२५ पासून नावंच बदलून ‘डेल प्रो’ केली आहेत, त्यामुळे ५४५० मिळालं तर तो आधीचा स्टॉक समजा आणि भाव त्या हिशेबाने करा.

मजबुतीचं म्हणाल तर सगळ्यात आधी हिंज, म्हणजे स्क्रीनची बिजागरी बघा. साध्या लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकच्या छोट्या खांबांत बसवलेल्या पितळी नटांत आवळलेले असतात. बिजागरी घट्ट होत गेली की स्क्रीन उघडताना सगळा जोर त्या खांबांवर येतो, नट प्लास्टिकसकट उपटून येतात आणि कोपऱ्यात फट पडते. फेव्हिक्विकने ते टिकत नाही, खालचा-वरचा भाग बदलावा लागतो. म्हणून दुकानात स्क्रीन एका कोपऱ्याला धरून सावकाश उघडा आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे नजर ठेवा. तिथे बॉडी उचलली जात असेल, करकरत असेल तर पुढे बघूच नका. मग लॅपटॉप बंद करून पुढच्या कोपऱ्याला एका हाताने उचला आणि कीबोर्डच्या मधोमध अंगठ्याने दाबा. टी१४ आणि एलिटबुक दोन्ही यात छान वाटतात. एलिटबुकची धातूची बॉडी तर दिसायलाही देखणी आहे, ऑफिसात बसणाऱ्या माणसाला मी तेच सुचवतो.

जाहिरातीतल्या ‘मिलिटरी ग्रेड’ला फार भुलू नका. एमआयएल-एसटीडी-८१०एच ही अमेरिकन संरक्षण खात्याची चाचण्यांची पद्धत आहे, २०१९ मध्ये आलेली. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनीच ठरवते, सरकारी शिक्का वगैरे काही नसतो. पडून फुटला तर ती चाचणी दाखवून वॉरंटी मिळत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं, आणि बाइकवर फिरणाऱ्याने ते घ्यावंच.

तुमच्या कामात निकाल लागतो तो पोर्टवर. पीएलसीला जोडायला लॅन (नेटवर्क केबलचा पोर्ट) लागतो, सिरीयल कन्व्हर्टरला (जुन्या मशीनच्या केबलचा जोड) आणि सॉफ्टवेअरच्या डोंगलला (लायसन्सची यूएसबी किल्ली) जुनं मोठं यूएसबी. टी१४ आणि लॅटिट्यूड ५४५० ला लॅनचा पोर्ट बॉडीतच आहे. अलीकडच्या एलिटबुक ८४० ला नाही, म्हणजे अडॉप्टर आला. मशीन बंद पडलंय, सुपरवायझर डोक्यावर उभा आहे आणि अडॉप्टर घरी राहिलाय, ही वेळ कशाला ओढवून घ्यायची? टी१४एस (टी१४चं सडपातळ भावंड) सुद्धा याच कारणासाठी टाळा. त्यात लॅन नाही आणि रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे नंतर वाढवता येत नाही.

रॅमवरूनच जनरेशनचा मुद्दा येतो. चौथ्या जनरेशनपर्यंत टी१४ मध्ये थोडी रॅम बोर्डावर आणि एकच स्लॉट असायचा. पाचव्यात, म्हणजे २०२४ च्या मॉडेलमध्ये, दोन स्लॉट आले आणि बॅटरी बदलणंही सोपं झालं. दुरुस्तीच्या सोयीसाठी आयफिक्सिटने (उपकरणं उघडून तपासणारी अमेरिकन साइट) त्याला १० पैकी ९ गुण दिले होते. शॉप फ्लोअरवर लोखंडाची भुकटी आणि कटिंग ऑइलचा चिकटा फॅनमध्ये जाऊन बसतो, तेव्हा खालचं कव्हर सहज उघडणं ही चैन नाही, गरज आहे. तिन्ही कंपन्यांची सर्व्हिस मॅन्युअल त्यांच्या साइटवर फुकट मिळतात, घेण्याआधी चाळून बघा.

स्क्रीनमध्ये मात्र दुकानदार गंडवतात. एकाच मॉडेलला ४५ टक्के एनटीएससीचा (म्हणजे कमी रंगांचा) फिकट पॅनेलही येतो आणि ४०० निट्स (उजेडाचं माप), १०० टक्के एसआरजीबीचा (म्हणजे पूर्ण रंगांचा) पॅनेलही. कोटेशनवर हे लिहून मागा. शेडच्या दारात उभं राहून लॅडर लॉजिक (पीएलसीचा प्रोग्रॅम) वाचायचं असेल तर हा दुसराच हवा. आणि सॅकमध्ये चार्जर स्क्रीनच्या पाठीला लागेल असा ठेवू नका, बाइकच्या खड्ड्यांत पॅनेल त्यानेच फुटतात.

वॉरंटी तीन वर्षांची ऑनसाइट (इंजिनिअर तुमच्याकडे येऊन दुरुस्त करतो ती) घ्या. इंजिनिअर तुमच्या पिनकोडला येतो का, हे डीलरकडून मेलवर लिहून घ्या. तोंडी ‘येईल हो’ वर थांबू नका, विशेषतः तुमचं घर शहराबाहेर असेल तर.

बजेट कमी पडलं तर कॉर्पोरेटमधून परत आलेला जुना टी१४ चालेल. पण पैसे देण्याआधी बायोसला (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना ते बघा, आणि इंटरनेट जोडून विंडोज नव्याने टाकायला लावा. जुन्या कंपनीचं लॉगिन मागितलं तर ते मशीन सोडून द्या. नवा घेतलात तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकून घ्या. तुमची नोंदणी नियमित असेल तर लॅपटॉपवरच्या १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळतं, आणि तेवढ्यात वाढीव वॉरंटीचा बराचसा खर्च निघतो.