नव्या सभासदाला, दिवाळी अंकांच्या तोंडावर

भावा, करवीर नगर वाचन मंदिराचा सभासद झालास, फार बरं केलंस. १८५० पासूनची संस्था आहे ती, आपल्या कोल्हापूरची खरी श्रीमंती! १५ ऑक्टोबरला कलामसाहेबांची जयंती, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी धाकट्या भावंडांना घेऊनच ये.

आता मुख्य गोष्ट, दिवाळी अंक. अंकांसाठी वेगळी वर्गणी आहे का, हे आधीच काउंटरवर विचारून घे. नव्या अंकांवर उड्या पडतात, तेव्हा एकाच नावावर अडून बसू नकोस. चार-पाच नावं चिठ्ठीवर लिहून ने. अंक हातात आला की तिथंच उघडून बघ: मधली पिन सैल झालीय का, शब्दकोड्याचं पान जागेवर आहे का. कोडं पेनानं अजिबात सोडवू नकोस, वहीत उतरवून घे. आणि वाचून झाला की लगेच परत दे, मागं कितीतरी जण वाट बघत असतात.