सुझ्दलची वारी, पर्सनल लोन आणि तिथे न चालणारं कार्ड

प्रश्न थोडक्यात असा: वाचक ३६ वर्षांच्या, पुण्यात नोकरी, अविवाहित, आई साताऱ्याला. हातात येणारा पगार ६२ हजार. घरभाडं १४ हजार, आईला १२ हजार, स्वतःचा खर्च १५ हजार, एसआयपी १० हजार. उरलेले ११ हजार ‘कुठे जातात कळत नाही’. बँकेत दोन एफडी, पहिली दोन लाखांची, दुसरी एक लाखाची. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तीन वर्षं रशियन शिकल्या, पण रशियाला कधी गेल्या नाहीत. येत्या मे महिन्यात पाठीवर पिशवी टाकून बारा रात्रींसाठी जायचं आहे. पाच रात्री मॉस्को, सात रात्री सुझ्दल या जुन्या, छोट्या गावी. अंदाज दीड लाखाचा. पैसे कुठून आणायचे याचे तीन पर्याय त्यांनी लिहिलेत: बँक देऊ करत असलेलं दोन लाखांचं पर्सनल लोन (१४ टक्के, तीन वर्षं), एफडी मोडणं किंवा वर्षभर एसआयपी बंद ठेवणं.

उत्तर:

तुम्ही जा. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही ‘हा वेडेपणा आहे का?’ असं विचारलंय. तीन वर्षं संध्याकाळचे वर्ग करून एखादी भाषा शिकायची आणि ती जिथे बोलली जाते तिथे एकदाही जायचं नाही, याची रुखरुख मी समजू शकते. फक्त या प्रवासाला ‘स्वतःमधली गुंतवणूक’ वगैरे म्हणू नका. हा खर्च आहे. मनापासून हव्या असलेल्या गोष्टीवर खर्च करता यावा म्हणूनच आपण पैसे साठवतो, त्याला दुसरं नाव द्यायची गरज नाही.

मात्र मे महिन्यात नको. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा, आणि लोन न काढता. उशीर करायला सांगतेय त्याचं मुख्य कारण रशियाच्या आजच्या परिस्थितीत आहे, म्हणून आधी तेच सांगते.

मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही कंपन्यांनी रशियातला व्यवहार थांबवला. तेव्हापासून आपल्या बँकांनी दिलेली ही कार्डं तिथल्या एटीएममध्ये, दुकानात, हॉटेलात कुठेच चालत नाहीत. फॉरेक्स कार्डही बहुधा याच दोन कंपन्यांच्या जाळ्यावर चालतं, त्यामुळे त्याचाही उपयोग नाही. युरोपला किंवा थायलंडला गेलात आणि पाकीट मारलं गेलं, तर दुसऱ्या कार्डावर किंवा घरून मागवलेल्या पैशांवर वेळ निभावते. सुझ्दलमध्ये तुमच्या खिशात जेवढ्या नोटा, तेवढीच तुमची ऐपत. पुण्यातल्या बँकेत तीन लाख असोत की तीस लाख, तिथे त्यांचा काही उपयोग नाही.

म्हणून तुमच्या हिशोबात एक रक्कम राहून गेली आहे. खर्चाचे दीड लाख ठीक आहेत, मी ते तपासले: विमान ५५ हजार, व्हिसा आणि विमा १० हजार, आणि तिथला सगळा खर्च ८५ हजार. पण यावर किमान ८०० डॉलर ‘न मोडण्याचे’ म्हणून जवळ हवेत. २०२५ मध्ये ड्रोनमुळे मॉस्कोचे विमानतळ कित्येकदा काही तास बंद ठेवावे लागले. परतीचं विमान चुकलं तर नवं तिकीट, दोन रात्रींचा मुक्काम, एखादा दवाखाना हे सगळं रोखीनेच भागवावं लागेल. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या एका जोडप्यावर अशीच वेळ आली. हॉटेलात ओळख झालेल्या एका भारतीय विद्यार्थ्याने हातउसने रुबल दिले म्हणून ते निभावले. असा विद्यार्थी प्रत्येकाला भेटेलच असं नाही. डॉलरचा भाव ९० रुपये धरला तर हे ७२ हजार होतात. ते खर्च होणार नाहीत, बहुतेक परत येतील. पण निघताना हातात हवेत, आणि उसने नकोत.

आता लोनकडे येते. दोन लाख, १४ टक्के, ३६ महिने म्हणजे महिन्याला सुमारे ६,८३६ रुपयांचा हप्ता. व्याजच ४६ हजारांच्या आसपास जातं, म्हणजे विमानाचं तिकीट जवळजवळ दुसऱ्यांदा काढल्यासारखं. बारा रात्रींचा प्रवास आणि छत्तीस महिन्यांचा हप्ता. त्या तीन वर्षांत नोकरी बदलावीशी वाटली किंवा आईंच्या औषधपाण्याचा खर्च वाढला, तर हाच हप्ता पायात येईल. आणि सात हजारांचा हप्ता भरता येईल असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. मग ते सात हजार आधी साठवता येतीलच.

एसआयपीबद्दल माझं मत थोडं मवाळ आहे. वर्षभराचे १ लाख २० हजार वीस वर्षं दहा टक्क्यांनी वाढले असते तर आठ लाख झाले असते, हा हिशोब कागदावर बरोबर आहे, पण तो दाखवून कुणाला घाबरवायला मला आवडत नाही. लोन आणि एसआयपी यातलं एकच निवडायची वेळ आली, तर मी चार-सहा महिने एसआयपी थांबवा असंच सांगेन. फक्त तुमच्यावर ती वेळ आलेली नाही.

कारण ते ‘कुठे जातात कळत नाही’ असे ११ हजार. त्यातल्या नऊ हजारांची बारा महिन्यांची आरडी पगारानंतर दोन दिवसांनी लावून टाका. वर्षाचे १ लाख ८ हजार आणि वर थोडं व्याज. एप्रिलमध्ये मिळणारा ४५ हजारांचा बोनस तुम्ही पत्रात अगदी जाता जाता सांगितलाय, तो सरळ तिकिटाला लावा. दोन्ही मिळून दीड लाखांच्या थोडं वर जातं. आरडीचा शेवटचा हप्ता जाईपर्यंत सप्टेंबर उजाडेल, म्हणून तो महिना सुचवला.

राहिले राखीव ७२ हजार. त्यासाठी मात्र एक लाखाची एफडी मोडायला माझी हरकत नाही, आणि इथे मी नेहमीच्या नियमाला थोडी मुरड घालतेय. तुमचा अत्यावश्यक खर्च महिन्याला ४१ हजार. सहा महिन्यांचे २ लाख ४६ हजार होतात, तुमच्याकडे तीन लाख आहेत. ७२ हजार तात्पुरते काढले तरी साडेपाच महिन्यांची सोय उरते. परत आलात की डॉलर विका आणि एफडी पूर्ववत करा. खरेदी-विक्रीच्या भावातल्या फरकात हजार-दोन हजार जातील. ते विम्याचा हप्ता समजून सोडून द्या. परत आणलेल्या नोटांपैकी २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, पण तुम्ही ठेवू नका. घरात डॉलर असले की पुढचा प्रवास खुणावू लागतो.

एकूण १,७५० डॉलर न्यायचे आहेत. नोटांच्या रूपात परकीय चलन बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच मिळतं, त्यामुळे अडचण नाही (रशियाला जाणाऱ्यांना रिझर्व्ह बँकेने ही नोटांची मर्यादाही ठेवलेली नाही). अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, पैसे बँक खात्यातून द्या, पावती जपा. नोटा कोऱ्या हव्यात. शिक्का मारलेली, पेनाने लिहिलेली किंवा कडा फाटलेली नोट तिथल्या बँकेत नाकारली जाऊ शकते. इथूनच रुबल घेऊन जाण्याचा मोह टाळा, भाव वाईट मिळतो. रुबल सध्या रुपयाच्या आसपास आहे, त्यामुळे तिथे मनातल्या मनात हिशोब करणं सोपं जाईल. एका वेळी दोन-तीनशे डॉलरच बदला, तेही बँकेच्या शाखेत. आणि टूर कंपनीचं पॅकेज घेऊ नका. पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ घ्यायचा आयकर) कापला जातो. स्वतः चलन घेतलंत तर वर्षाला दहा लाखांपर्यंत तो लागत नाही.

तुमच्या बेतात मी एक बदल सुचवते. मॉस्कोच्या पाच रात्री कमी करून दोन करा. मॉस्को महाग आहे, आणि तुम्हाला जे हवंय ते तिथे नाही. सुझ्दलचं नाव इतिवृत्तांत १०२४ सालापासून येतं. कधीकाळी राजधानी असलेलं हे गाव आज जेमतेम दहा हजार वस्तीचं आहे. १८६० च्या दशकात मॉस्कोहून निज्नी नोव्हगोरदला जाणारी रेल्वे व्लादिमिरवरून गेली आणि सुझ्दल तीसेक किलोमीटर बाजूला पडलं. कारखाने आले नाहीत, उंच इमारती आल्या नाहीत. कामेन्का नदीच्या वळणावर ठेंगणी लाकडी घरं, काकडीचे वाफे आणि निळ्या घुमटांवर सोनेरी चांदण्या असलेलं तिथल्या क्रेमलिनमधलं (म्हणजे जुन्या किल्ल्यातलं) तेराव्या शतकातलं चर्च, असं सगळं राहून गेलं. १९९२ मध्ये युनेस्कोने तिथल्या आणि व्लादिमिरच्या पांढऱ्या दगडी वास्तूंना जागतिक वारशात घेतलं. गाव पायी फिरण्याएवढंच आहे, म्हणजे वाहनाचा खर्च जवळजवळ शून्य. १३५२ मध्ये स्थापन झालेला स्पासो-येवफिमियेव मठ एका टोकाला आणि लाकडी वास्तूंचं संग्रहालय नदीपलीकडे. दोन्हींची तिकिटं काढा, तिथे काटकसर नको. मठाच्या तटबंदीआड दुसऱ्या महायुद्धात, स्टालिनग्राडच्या लढाईनंतर जर्मन फील्डमार्शल पाउलुसला कैदेत ठेवलं होतं. मार्गदर्शक ते रशियनमध्ये सांगेल आणि तुम्हाला कळेल. तुमच्या तीन वर्षांच्या फीचा मोबदला तिथे मिळेल.

पैशाच्या दृष्टीने सुझ्दलची एक खोड लक्षात ठेवा. मॉस्कोकरांचं ते शनिवार-रविवारचं गाव आहे. शुक्रवारी आणि शनिवारी खोल्यांचे भाव चढतात. जुलैमध्ये काकडीचा उत्सव असतो तेव्हा तर खोली मिळणंही कठीण. म्हणून शुक्रवार-शनिवारच्या रात्री व्लादिमिरला काढा आणि रविवारी दुपारी, मॉस्कोची मंडळी परतत असताना, सुझ्दलला पोचा. व्लादिमिरला रेल्वे स्टेशनसमोरच बसस्थानक आहे, तिथून तासाभरात सुझ्दल. रेल्वेचं तिकीट खिडकीवर पासपोर्ट दाखवून रोखीने काढा, संकेतस्थळावर आपलं कार्ड घेणार नाहीत. मुक्कामासाठी छोटी कौटुंबिक गेस्ट हाऊस शोधा, पण आधी दोन गोष्टी विचारून घ्या: रोख चालेल का, आणि परदेशी पाहुण्याची नोंदणी करून देणार का. कामाचे सात दिवस उलटण्याआधी ही नोंदणी व्हावीच लागते, आणि ती यजमानाने करायची असते. रशियनमध्ये लिहा. उत्तर लवकर येईल आणि भावही बहुधा बरा मिळेल.

विमा घेताना कंपनीला लेखी विचारा: रशियात सेवा आहे का, युद्धाशी संबंधित कोणतं नुकसान वगळलंय, दवाखान्याचं बिल आधी मी भरायचं का. कॅशलेस मिळेल असं गृहीत धरू नका. ई-व्हिसा भारतीयांना ऑगस्ट २०२३ पासून मिळतो. तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची त्या आठवड्याची सूचना वाचा. परिस्थिती बिघडली तर तिकिटाचे पैसे वाचवण्यासाठी जाऊ नका, ते बुडू द्या. आरडी कुठेही पळून जाणार नाही.

शेवटचा मुद्दा आईंचा. बारा दिवस तुम्हाला तुमच्या पैशांपर्यंत पोचता येणार नाही, ओटीपी वेळेवर येईल याचाही भरवसा नाही, आणि त्याच दिवसांत साताऱ्यात काही झालं तर? दोन लाखांच्या एफडीवर त्यांचं नाव जोडा, दोघींपैकी कुणालाही काढता येईल अशा पद्धतीने. शिवाय एका संयुक्त बचत खात्यात ५० हजार ठेवा. नुसतं कागदोपत्री नको. निघण्याच्या महिनाभर आधी त्यांना बँकेत घेऊन जा आणि तुम्ही बाकावर बसून राहा. स्लिप भरून दोन हजार रुपये त्यांनी स्वतःच काढू देत.