टोरांटोचं बी, नाशिकची कुंडी

प्रश्न : मी काही वर्षं टोरांटोत नोकरीला होतो. पासपोर्ट भारतीयच आहे. तिथे घरमालकाने मला तळघरात गांजाची रोपं वाढवायला शिकवलं. दिवा किती तास लावायचा, नर रोप कसं ओळखून काढायचं, सगळं. त्या शिकण्याच्या आठवणींवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितो आहे. तो छापून आला तर कायद्याची अडचण होईल का? येताना थोडं बी आणलं होतं. त्यातल्या दोन बिया भाच्याने नाशिकला माझ्या आईच्या गच्चीवर कुंडीत लावल्या आहेत. मी त्याला फोनवर सांगत असतो. ओढायचं कुणालाच नाही, निव्वळ हौस.

उत्तर : काळजी लेखाची करताय आणि कुंडी हौसेच्या खात्यात टाकलीत. मी उलट्या क्रमाने घेतो.

1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याचं कलम 8 गांजाच्या कुठल्याही झाडाच्या लागवडीला मनाई करतं. कलम 20(अ) खाली त्याला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. गांजा बाळगण्यात 1 किलोपर्यंत अल्प प्रमाण, 20 किलोच्या वर व्यापारी प्रमाण अशी प्रतवारी असते. लागवडीच्या कलमात ती नाही. दोनच रोपं आहेत म्हणून शिक्षा ठरवताना न्यायाधीश सौम्य होतील, पण कलम तेच लागेल. ‘पानं गांजात मोडत नाहीत’ हा युक्तिवाद पक्षकार हमखास करतात. तो खरा आहे, पण मुद्देमालाचं वजन करताना. फुलोऱ्याचे शेंडे नसतील तर नुसती पानं आणि बी गांज्याच्या व्याख्येत येत नाही. कुंडीत उभं असलेलं झाड मात्र झाडच. हौसेचं म्हणाल तर कलम 35 आरोपीचा हेतू गृहीत धरतं, तो नव्हता हे सिद्ध करायचं काम तुमचं.

‘लावलं भाच्याने’ म्हणून तुम्ही सुटत नाही. बी तुमचं, सूचना तुमच्या. ‘आज पाणी कमी घाल’ असा एक व्हॉइस मेसेजही कलम 29 खाली अपप्रेरणेचा, म्हणजे गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत केल्याचा, पुरावा ठरू शकतो, आणि तिथे शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच. घर आईंच्या नावावर असेल तर कलम 25 वाचा : जाणूनबुजून जागा वापरू देणाराही अडकतो. त्यांना गच्चीत काय वाढतंय ते ठाऊक नसेल, तर तेच त्यांचं संरक्षण.

आता टोरांटो. ऑक्टोबर 2018 पासून कॅनडात, ऑन्टारिओत तर नक्कीच, घरटी चार रोपं चालतात. पण आपला कायदा परदेशातल्या भारतीय नागरिकालाही लागू आहे, कलम 1 मध्येच तसं लिहिलंय. घाबरू नका. तिथल्या कृत्याचा खटला इथे चालवायला केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. चार कायदेशीर कुंड्यांसाठी ती कुणी मागेल, असं मला वाटत नाही. बी आणलंत ते मात्र दोन्हीकडे नियम मोडून. रुजणारं बीसुद्धा कॅनडाबाहेर नेता येत नाही आणि इथे वनस्पती संगरोधाच्या (बाहेरून येणारी रोग-कीड रोखणाऱ्या खात्याच्या) परवान्याशिवाय आणता येत नाही.

लेख लिहिणं गुन्हा नाही. शिकण्याच्या आठवणी खुशाल लिहा. बी आणल्याचा आणि नाशिकच्या कुंडीचा मजकूर तेवढा नको, ती तुमच्याच सहीची कबुली होईल.

करायचं काय? फोनवरच्या सूचना आजपासून बंद. उद्याच नाशिकमधल्या फौजदारी वकिलाला भाच्यासह भेटा. रोपांचं काय करायचं ते त्यांच्या सल्ल्यानेच ठरवा. परस्पर उपटून कुणाकडे दिलीत, तर बाळगणं आणि पुरावा नष्ट करणं असे दोन नवे आरोप ओढवून घ्याल. कलम 37 च्या जामिनाच्या कडक अटी व्यापारी प्रमाणाला आणि मोजक्या कलमांनाच आहेत, त्यामुळे वेळ आलीच तर जामिनाला जागा आहे.

लेख संपादकांकडे द्यायचा तो या भेटीनंतर.